मुखवट्याचा कवि

कवीची कविता वाचण्यापूर्वीं त्याची तसबीर पाहण्याची आपणां सर्वांस मोठी हौस असते. नवा काव्यसंग्रह हातीं आला कीं आपण आधीं कवीचा चेहरा शोधतों. डोळे पाणीदार आहेत कीं नाहींत, कपाळ भव्य आहे कीं नाहीं, याचा मनाशीं कांहीं तरी निर्णय करतों आणि मग कवितेकडे वळतों. हा दोष आमच्यांतही आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आजच्या काळांत तर ही हौस शिगेला पोंचली आहे. गाणारा गातो कसा, यापेक्षां तो दिसतो कसा, कपडे कोणते घालतो, मोटार कोणती ठेवतो, याचीच चर्चा अधिक. अशा काळीं एका माणसानें आपलें तोंड धातूच्या मुखवट्यानें झांकून घेतलें, आणि सुमारें वीस वर्षें तो रसिकांपुढें मुखवट्याशिवाय असा आला नाहीं. त्याचें नांव डॅनिएल डूमिले. रसिक त्याला ओळखतात तें 'एम्. एफ्. डूम' या नांवानें. ता. ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं इंग्लंडांतील लीड्स शहरीं तो वारला, त्या वेळीं त्याचें वय एकूणपन्नास वर्षांचें होतें. या मुखवट्यानें त्याच्या कवितेला काय दिलें, आणि कोठें तिच्याशीं दगा केला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

डूमिलेची कला हिप्-हॉप या नांवानें प्रसिद्ध आहे. ज्या वाचकांस हा निव्वळ गोंगाट वाटतो त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. घरांतील तरुण मंडळी कानांत बोंडें घालून तासन् तास जें ऐकत बसतात, तें काय आहे याची चौकशी वडील मंडळींनीं एकदां तरी करावी, असें आम्हांस वाटतें. ही कला न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स नांवाच्या गरीब भागांत जन्मली. सन १९७३ च्या ऑगस्टमध्यें, जमैकाहून आलेल्या कूल हर्क नांवाच्या तरुणानें आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या वाजविल्या, तो तिचा आरंभदिन मानतात. गाण्यांतील जो तुकडा केवळ तालाचा असतो, ज्यावर मंडळींचे पाय आपोआप हलूं लागतात, तोच तुकडा दोन सारख्या तबकड्यांवर आळीपाळीनें वाजवून लांबवावयाचा, आणि त्या तालावर यमकबद्ध बोल म्हणावयाचे, ही तिची मूळ रीत. पुढें यंत्रें आलीं; जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे कापून, फिरवून, एकमेकांस जोडून नवें संगीत रचतां येऊं लागलें. आमच्या आज्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवीत. तिच्यांतला प्रत्येक तुकडा ओळखीचा असे, आणि गोधडी मात्र नवी असे. हिप्-हॉपचें संगीत हें असेंच समजावें.

या कलेची एक शाखा 'अंडरग्राउंड', म्हणजे भूमिगत म्हणून ओळखली जाते. भूमिगत म्हटल्यावर आपल्यापुढें बेचाळीस सालचे कार्यकर्ते उभे राहतात. परंतु येथें पोलिसांचा कांहीं संबंध नाहीं. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर राहून, लहान प्रकाशकांच्या हातून थोड्या प्रती काढून, तोंडोतोंडीं कीर्ति मिळविणारे ते भूमिगत. डूमिले हा त्यांचा शिरोमणि होय. परंतु तो हौसेनें भूमिगत झाला नाहीं. त्याला आधीं जमिनीवरून हांकून देण्यांत आलें होतें.

त्याचा जन्म ता. १३ जुलै १९७१ रोजीं लंडन शहरीं झाला. आई त्रिनिदादची, वडील झिंबाब्वेचे. त्याच्या लहानपणींच कुटुंब अमेरिकेंत जाऊन न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहूं लागलें. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे हा त्याचा सांवलीसारखा सोबती; त्यानें 'सबरॉक' हें नांव घेतलें होतें, आणि थोरला 'झेव लव्ह एक्स' या नांवानें बोल म्हणे. दोघांनीं मिळून 'के. एम्. डी.' नांवाची मंडळी काढली, आणि सन १९९१ मध्यें 'मिस्टर हूड' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीनें प्रसिद्ध केली. ती आजही ऐकावयास मौज वाटते. भाषा शिकविणाऱ्या एका जुन्या तबकडीवरील शिष्ट गृहस्थाचे बोल कापून घेऊन या पोरांनीं त्याच्याशीं चक्क संभाषण घडवून आणलें आहे! थट्टेच्या पोटांत राग आहे, पण तो राग हंसरा आहे. काळ्या माणसाची विटंबना करणारें जें जुनें व्यंगचित्र अमेरिकेंत पिढ्यान् पिढ्या चालत आलें, त्यावर काट मारलेली, हेंच या मंडळीचें बोधचिन्ह होतें. त्या वेळीं डूमिलेच्या तोंडावर कसलेंही आवरण नव्हतें.

सन १९९३ च्या एप्रिलमध्यें सबरॉक हमरस्ता ओलांडीत असतां मोटारीखालीं सांपडून मरण पावला. दुसरी ध्वनिमुद्रिका त्या वेळीं पुरी होत आली होती. थोरल्या भावानें ती एकट्यानें शेवटास नेली. तिच्या वेष्टनावर तेंच विटंबनेचें चित्र फांसावर लटकलेलें दाखविलें होतें. चित्राचा अर्थ ज्याला डोळे आहेत त्याला कळण्याजोगा होता: फांशी माणसाला नव्हे, विटंबनेला. परंतु वादाचा नुसता वास येतांच कंपनीचे हातपाय गळाले. सन १९९४ मध्यें तिनें ध्वनिमुद्रिका बाहेर पडूं दिली नाहीं, आणि डूमिलेशीं असलेला संबंधही तोडला. वर्षभराच्या आंत भाऊ गेला आणि भावाबरोबर केलेलें शेवटचें कामही लोकांच्या कानांपर्यंत पोंचलें नाहीं. पुढचीं तीनचार वर्षें तो दिसेनासा झाला. मॅनहटनच्या रस्त्यांतून भटकत, बांकांवर निजत आपण ते दिवस काढले, असें त्यानें स्वतःच पुढें सांगितलें आहे.

सन १९९७ च्या सुमारास मॅनहटनमधील न्यूयॉरिकन पोएट्स कॅफे या कवींच्या अड्ड्यावर एक मनुष्य येऊं लागला. तेथें कोणीही उठून आपली रचना म्हणावी अशी चाल होती. हा उठे तेव्हां त्याच्या डोक्यावरून बायकांचा पातळ पायमोजा ओढलेला असे. त्यामुळें नाक-डोळे दबून चेहरा ओळखूं येत नसे. तोच डूमिले. सन १९९९ मध्यें बॉबिटो गार्सिया यांच्या 'फाँडल एम्' या लहानशा संस्थेनें त्याची 'ऑपरेशन: डूम्सडे' ही ध्वनिमुद्रिका काढली, आणि पायमोज्याच्या जागीं धातूचा मुखवटा आला. पुढें त्यानें वापरलेला प्रसिद्ध मुखवटा 'ग्लॅडिएटर' या चित्रपटांतील शिरस्त्राणाच्या प्रतिकृतीवरून बनविलेला होता. कल्पना मात्र मुलांच्या चित्रकथांतून घेतलेली. 'फँटॅस्टिक फोर' या चित्रमालिकेंत डॉक्टर डूम नांवाचा खलनायक आहे. त्याचा चेहरा विद्रूप झाल्यामुळें तो लोखंडी मुखवटा घालतो व जगावर सूड उगवूं पाहतो. ज्या धंद्यानें आपल्याला विद्रूप केलें त्याच्यावर आपण सूड घेणार, अशी डूमिलेची भूमिका होती.

ही भूमिका वरवर पाहणाऱ्यास पोरकट वाटेल. आम्हांसही प्रथम तशीच वाटली. परंतु 'डूम्सडे' लक्षपूर्वक ऐकतां आमचें मत पालटलें. सुडाची भाषा बोलणाऱ्या या खलनायकाच्या पाठीमागें वाजतें तें संगीत कमालीचें हळुवार आहे. सन १९८० नंतरच्या दशकांत घरोघर वाजणारीं संथ प्रेमगीतें त्यानें कापून घेतलीं आहेत. सादे या गायिकेच्या गाण्याचा तुकडा तर शीर्षकगीताचा पायाच आहे. तीं दोघां भावांच्या बाळपणाचीं व पौगंडवयाचीं गाणीं, हें ध्यानांत घ्यावें. आणि त्याच शीर्षकगीताच्या पालुपदांत, भाऊ जेथें गेला तेथेंच आपण शेवटीं परत जाणार, असें तो बोलून जातो. फुशारकी चालू असते, विनोद चालू असतो, आणि मध्येंच हें वाक्य येतें. त्यावर थांबणें नाहीं, आळवणें नाहीं. उघड्या चेहऱ्याच्या कवीनें हें वाक्य उच्चारलें असतें तर आपण त्याच्या डोळ्यांत पाणी शोधलें असतें. मुखवट्यानें ती सोय ठेवली नाहीं. दुःखाचें प्रदर्शन न करतां दुःख बोलण्याची ही त्याला सांपडलेली वाट होय, असें आम्ही समजतों.

मुखवटा एक झाला तरी नांवें एकावर थांबलीं नाहींत. सन २००३ मध्यें त्यानें 'किंग गीडोरा' या नांवानें एक ध्वनिमुद्रिका काढली. गीडोरा हा जपानी चित्रपटांतील तीन डोक्यांचा राक्षसी सर्प. तो परग्रहावरून येऊन मानवजातीचें निरीक्षण करतो, अशी कल्पना. त्याच वर्षीं 'व्हिक्टर वॉन' हा उतावळा, भांडखोर तरुण अवतरला. केवळ संगीतरचना करावयाची असली म्हणजे तो 'मेटल फिंगर्स' होई. आपल्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. रा. ग. गडकऱ्यांनीं नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं, कविता 'गोविंदाग्रज' या नांवानें आणि विनोद 'बाळकराम' या नांवानें. आणि या तिघांचे स्वभाव भिन्न आहेत हें कोणीही मराठी वाचक सांगेल. फरक इतकाच कीं, गोविंदाग्रज आणि बाळकराम यांची कधीं भर रस्त्यांत गांठ पडली नाहीं. डूमिलेनें ती पाडली. 'मॅडव्हिलनी' या ध्वनिमुद्रिकेंतील एका गाण्यांत व्हिक्टर वॉन आपल्या प्रेयसीवर आग पाखडतो, कारण तिनें त्याला सोडून दुसऱ्याशीं संधान बांधलें आहे; आणि तो दुसरा म्हणजे मुखवटेवाला डूम! स्वतःचाच मत्सर करणारा, स्वतःलाच शिव्या घालणारा असा प्रणयी आमच्या वाचनांत दुसरा नाहीं. गंमत म्हणून हें सोडून देतां येईल. पण मनुष्य आंतून एक नसतो, त्याच्या पोटांत अनेक माणसें भांडत असतात, ही गोष्ट व्याख्यान न देतां त्यानें दोन मिनिटांत दाखविली आहे.

आतां त्याच्या रचनेकडे वळूं. कारण शेवटीं कवीचा निकाल तेथेंच लागावयाचा. यमकाचें नांव काढलें कीं मराठी वाचकास मोरोपंत आठवतात, आणि पंतांनीं यमकापायीं अर्थाची ओढाताण केली, हा आक्षेपही आठवतो. डूमिलेचें यमक पंतांच्या यमकाइतकेंच हट्टी आहे. ओळीच्या शेवटीं एक जुळणारें अक्षर आलें म्हणजे झालें, यावर तो संतुष्ट नसतो. चार-चार, पांच-पांच अवयवांचा ध्वनिसमूह घेऊन तो ओळीच्या आरंभीं, पोटांत व शेवटीं असा पेरीत जातो, कीं एका शब्दाचा प्रतिध्वनि दुसऱ्या तीन शब्दांनीं मिळून पुरा होतो. मात्र त्याच्या तोंडीं हें कष्टानें साधलेलें वाटत नाहीं. ओट्यावर बसून एकादा मनुष्य सुपारी कातरीत सहज बोलत असावा, तसा त्याचा जड, किंचित् घोगरा आवाज चालतो, आणि दोन ओळी पुढें गेल्यावर आपल्या लक्षांत येतें कीं मघां काय घडून गेलें. कधीं कधीं तो असें यमक बांधीत आणतो कीं पुढचा शब्द, बहुधा असभ्य, श्रोत्याच्या ओठांवर येऊन ठेपतो. आणि नेमक्या त्या जागीं तो दुसराच, निरुपद्रवी शब्द ठेवतो. असभ्य शब्द कवीनें उच्चारलेला नसतो. तो आपल्याच मनांत आलेला असतो! वाक्य ओळीच्या शेवटीं न संपवितां पुढच्या ओळीच्या मध्यावर नेऊन तोडणें, हीही त्याची आवडती खोड. त्यामुळें कान एका ठिकाणीं थांबतो आणि अर्थ दुसऱ्या ठिकाणीं.

आणखी एक विशेष सांगण्याजोगा आहे. तो 'मी' हा शब्द शक्य तितका टाळतो आणि स्वतःविषयीं तृतीयपुरुषीं बोलतो: 'तो खलनायक असें म्हणाला', 'त्या मुखवटेवाल्यानें तसें केलें'. आपल्या संतकवींनीं अभंगाच्या शेवटीं आपलें नांव तृतीयपुरुषांत घातलें आहे. तेथें 'मी'ला देवापुढें लहान करण्याचा हेतु, येथें उघड फुशारकी. दोहोंची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु बोलणारा आणि ज्याच्याविषयीं बोललें जातें तो, या दोघांत थोडी जागा ठेवल्यानें कविता मोकळी होते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच येतो.

त्याची सर्वोत्तम कृति कोणती, याविषयीं रसिकांत फारसा मतभेद नाहीं. सन २००४ च्या मार्चमध्यें 'स्टोन्स थ्रो' या संस्थेनें काढलेली 'मॅडव्हिलनी' ती हीच. संगीत मॅडलिब या कॅलिफोर्नियाच्या रचनाकाराचें, बोल डूमचे. बावीस तुकडे, एकंदर वेळ सुमारें शेहेचाळीस मिनिटें. बहुतेक गाण्यांस पालुपद नाहीं. सांगावयाचें सांगून झालें कीं गाणें संपतें, पुष्कळदां दोन मिनिटांच्या आंत. या संगीताचा कांहीं भाग मॅडलिबनें ब्राझीलच्या प्रवासांत, खोलींत बसून, एक लहान यंत्र, एक हलका ग्रामोफोन व एक टेपरेकॉर्डर एवढ्याच सामग्रीवर रचला. त्याच प्रवासांत अपुऱ्या ध्वनिमुद्रिकेची प्रत चोरीस गेली आणि प्रसिद्धीपूर्वीं वर्षभर आधींच ती जगभर पसरली. दोघेही उद्विग्न होऊन दुसऱ्या कामांकडे वळले. पुन्हां एकत्र आले तेव्हां डूमिलेनें आपला भाग नव्यानें म्हटला. चोरीस गेलेल्या प्रतींत त्याचा आवाज चढा व उत्साही आहे. छापील प्रतींत तो खालच्या सुरांत, संथ, जवळजवळ निर्विकार झाला आहे. शब्द बहुतेक तेच. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून ऐकले म्हणजे मुखवट्याचें मर्म कळतें असें आम्हांस वाटतें. पहिल्यांत मुखवटा तोंडावर आहे. दुसऱ्यांत तो आवाजावरही चढला आहे, आणि त्यामुळें शब्द अधिक उघडे झाले आहेत. विक्रीच्या दृष्टीनें पाहतां अमेरिकेच्या दोनशें ध्वनिमुद्रिकांच्या यादींत ही १७९ व्या क्रमांकापलीकडे चढली नाहीं. तरी आज तिचें नांव घेतल्याशिवाय या कलेचा इतिहास लिहितां येत नाहीं. याच मॅडलिबनें पुढें २००७ सालीं हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर एक संबंध ध्वनिमुद्रिका रचली, एवढें जातां जातां नमूद करतों. आपल्या आईबापांनीं रेडिओवर ऐकलेलें संगीत त्या गोधडींतही जाऊन बसलें आहे.

सन २००४ मध्येंच त्याची 'एम्. एम्. फूड' निघाली. हें नांव म्हणजे त्याच्याच नांवांतील अक्षरांची उलथापालथ, आणि गाण्यांचीं नांवें खाद्यपदार्थांचीं. विनोद यथेच्छ आहे, आणि धंद्यांतील भेसळीवर कोपरखळ्याही आहेत. येथवर आम्हीं स्तुति केली. आतां दोष सांगणें आमचें कर्तव्य आहे. त्याची भाषा सर्वत्र घरांत मोठ्यानें वाजविण्याजोगी नाहीं, हें पालकांनीं समजून असावें. ग्राम्यता कवीला कधीं लागते, आणि खलनायकाच्या तोंडीं ती शोभते, हा युक्तिवाद आम्ही कांहीं अंशीं मान्य करूं. परंतु स्त्रियांविषयींचे त्याचे कांहीं उद्गार केवळ धंद्याच्या रूढीनें आलेले आहेत. त्यांत त्याची स्वतःची बुद्धि दिसत नाहीं. आणि सन २००९ च्या 'बॉर्न लाइक धिस' या ध्वनिमुद्रिकेंतील एका गाण्यांत समलिंगी पुरुषांची जी कुत्सित थट्टा आहे ती तर सर्वस्वी अक्षम्य. ज्याच्या पहिल्या मंडळीनें विटंबनेच्या चित्रावर काट मारली, त्यानें दुसऱ्या कोणाचें विटंबनेचें चित्र काढावें, ही विसंगति मुखवट्याच्या आड लपत नाहीं.

पण त्याच्यावरील मुख्य आरोप याहून वेगळा आहे. सन २००७ मध्यें अमेरिकेंत त्याचे कांहीं प्रयोग झाले. लोकांनीं तिकिटें काढलीं, रांगा लावल्या. मुखवटा घातलेला मनुष्य रंगमंचावर आला, ओठ हलवूं लागला, आणि थोड्याच वेळांत लोकांच्या लक्षांत आलें कीं आवाज यंत्रांतून येत आहे व मुखवट्याखालीं दुसराच कोणी तरी आहे. लोक खवळले. यावर डूमिलेनें दिलगिरी व्यक्त केली नाहीं. आपण लेखक आहोंत तसेच दिग्दर्शकही आहोंत. पात्र आपलें आहे, त्याच्या भूमिकेसाठीं कोणास उभें करावें हा आपला अधिकार आहे, अशा आशयाचें उत्तर त्यानें २००९ सालीं एका मुलाखतींत दिलें. आणि त्याचे अनेक भक्त आजही हें उत्तर मोठ्या कौतुकानें सांगतात: चेहऱ्यावर भुलणाऱ्या लोकांची त्यानें कशी फजिती केली!

हें कौतुक आम्हांस मान्य नाहीं. आमचें म्हणणें त्याच्याच तत्त्वावर उभें आहे. मुखवटा घालतांना त्यानें श्रोत्याशीं एक करार केला होता: तुम्ही माझें तोंड पाहूं नका, माझा आवाज ऐका. हा करार उदात्त होता. रूप, वय, कपडे, संपत्ति हीं सर्व बाजूला सारून केवळ शब्द व स्वर यांवर आपली परीक्षा व्हावी, अशी मागणी करणारा कलावंत धैर्यवानच म्हटला पाहिजे. पण या करारांत एका पक्षानें चेहऱ्यावरचा हक्क सोडला तो आवाजाच्या भरंवशावर. ज्या रात्रीं आवाजही आला नाहीं, त्या रात्रीं रंगमंचावर काय उरलें? नुसता मुखवटा, म्हणजे नुसतें रूप! ज्या रूपाच्या पूजेविरुद्ध त्यानें मुखवटा चढविला, तो मुखवटाच पूजेची मूर्ति होऊन बसला. दशावतारांत मुखवट्याआडचा नट कोण हें प्रेक्षक विचारीत नाहीं हें खरें. पण तेथें सोंग कोणाही एकाचें नसतें, तें पिढ्यांचें असतें. डूमची कविता एकट्या डूमिलेची होती, त्याच्या घशाची होती, त्याच्या भावाच्या मृत्यूंतून निघालेली होती. ती उसन्या देहावर चढवितां येत नाहीं. तिकिटाचे पैसे बुडाले हें दुःख क्षुल्लक. आपल्याच कवितेचा अर्थ कवीनें थोड्या सोयीसाठीं हलका केला, हें आम्हांस अधिक लागतें.

एका घटनेवरून सबंध जन्माचा निकाल देऊं नये, हेंही तितकेंच खरें. आणि पुढचीं दहा वर्षें दैवानें त्याच्याशीं केलेला व्यवहार पाहतां टीकाकाराची लेखणी आपोआप मऊ होते. सन २०१० मध्यें युरोपांतील दौरा आटोपून तो अमेरिकेंत परतूं लागला तेव्हां त्याला प्रवेश नाकारण्यांत आला. तो लहानपणापासून तेथें वाढला होता, पण नागरिकत्व त्यानें कधीं घेतलें नव्हतें. जन्म लंडनचा, एवढेंच कागदावर होतें. ज्या शहरानें त्याची भाषा घडविली तें त्याला परकें झालें, आणि ज्या देशाची त्याला आठवणही पुसट, तो त्याचा देश ठरला. सन २०१२ मध्यें 'की टु द कफ्स' या ध्वनिमुद्रिकेंत त्यानें इंग्लंडांतले शब्द, तेथली बोली, तेथला विक्षिप्तपणा उचलून आपल्या यमकांत बसविला; परकेपणाची तक्रार करण्यापेक्षां त्याचें साहित्य करणें त्याला जमत असे. सन २०१७ च्या डिसेंबरांत त्याचा चौदा वर्षांचा मुलगा वारला. तरुण भावाच्या मरणानें सुरू झालेली कहाणी कोवळ्या मुलाच्या मरणाशीं येऊन पोंचली. तीन वर्षांनीं तो स्वतः गेला. त्या तारखेस इंग्लंड-अमेरिकेंत पोरें मुखवटे घालून दारोदार हिंडतात, हा योगायोग पुष्कळांनीं नमूद केला आहे. आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतें तें हें कीं, त्याच्या मृत्यूची वार्ता त्याच्या पत्नीनें जगास कळविली ती दोन महिन्यांनंतर, ३१ डिसेंबर रोजीं. तोंवर जगभरचे रसिक त्याच्या नव्या रचनेची वाट पाहत होते. या वेळीं मात्र कोणी फसवणुकीची तक्रार केली नाहीं. दुःख घरांतल्या माणसांचें असतें, त्याचा पहिला हक्क त्यांचा, हें सर्वांस पटलें.

ज्यांना या कवीची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनीं 'मॅडव्हिलनी'पासून आरंभ करावा आणि मग मागें 'डूम्सडे'कडे जावें, असें आम्ही सुचवूं. प्रथम शब्द कळणार नाहींत. आम्हांसही कळले नाहींत. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही दोनतीन वेळां ऐकावें लागतें. संदर्भ चित्रकथांचे, दूरचित्रवाणीवरील जुन्या मालिकांचे, न्यू यॉर्कच्या गल्ल्यांचे असतात. पण घरांत एकादा मुलगा किंवा मुलगी हें ऐकणारी असेल तर तिच्या शेजारीं बसावें आणि विचारावें. तो अर्धा तास वायां जाणार नाहीं, याची हमी आम्ही देतों.

लेखाच्या आरंभीं तसबिरीच्या हौसेविषयीं आम्हीं लिहिलें. तीच हौस आम्हांस येथेंही आंवरली नाहीं, हें सांगून टाकतों. हा लेख लिहावयास घेतल्यावर आम्हीं 'के. एम्. डी.'च्या काळचीं छायाचित्रें शोधून पाहिलीं. मुखवट्याखालचा चेहरा विद्रूप नाहीं, भेसूर नाहीं. चारचौघांसारखा एक तरतरीत मुलगा आहे, आणि त्याच्या शेजारीं त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, किंचित् लहान. बराच वेळ आम्ही तीं चित्रें पाहत राहिलों. मग तीं बाजूला ठेवून पुन्हां 'डूम्सडे' लावली.